राक्षसाची झोप

भिवा, तू गेलास त्या दिवशी तुझ्या अंगणात बसलेल्या एकूण एक माणसाने मला तेच ऐकवलं. "झोपेत गेलो तो. नशीबवान!" शेजारचा होडीवाला तांडेल म्हणाला, पोस्टमन म्हणाला, आणि एक म्हातारी तर आभाळाकडे हात जोडून म्हणाली, "असा मराण माका येवंदे रे बाबा." दुपारी पेज आणि भाजलेला बांगडा खाल्लास, पडवीत चटईवर आडवा झालास आणि चहाला उठलाच नाहीस. हूं नाही की चूं नाही. सगळे माना डोलावत होते आणि माझ्या डोक्यात जाळ होत होता. झोपेत गेला म्हणे! तुझी झोप यांच्यापैकी कुणी जवळून बघितली होती? झोप म्हटल्यावर या लोकांना उशी आठवते, पांघरूण आठवतं. तुझ्या झोपेत काय चालायचं ते फक्त तुझ्या बायकोला आणि मला ठाऊक. तिथे तू एकदाही आनंदाने गेला नाहीस, आणि शेवटी कायमचा तिथेच गेलास. यात नशीब कुठलं आलं?

मी उठून ओरडणारच होतो. माझा आवाज तुला माहीत आहे, देवळात शिंकलो तर बंदरावर लोक 'सत्य आहे' म्हणतात. पण वयनी, तुझी बायको, दारात उभी होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी खाली बसलो. म्हणून आता हे लिहितो आहे. ज्याच्यावर ओरडायचं तोच मेलेला असला तर माणसाने दुसरं काय करायचं?

दहा-बारा वर्षं आपण एका दशावतारी कंपनीत काढली. तू राक्षस. मी संकासूर, म्हणजे खेळाच्या सुरुवातीला काळा बुरखा घालून येणारा, भटजीची शेंडी ओढणारा, पुढे बसलेल्या पोलीसपाटलाला त्याच्या बायकोचं नाव विचारणारा. जत्रेजत्रेला रात्रभर खेळ, पहाटे दहीकाला, मग पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट आणि दुपारी तिथल्या देवळात झोप. बाकीचे सगळे कलेसाठी आले होते, निदान तसं सांगत तरी होते. तू मात्र मला पहिल्याच हंगामात कबूल केलंस, "नान्या, माका कला-बिला काय कळना नाय. रातचा जागूचा काम होया होता." रात्री माणसं झोपतात तेव्हा तुला झोपायचं नव्हतं. दिवसाउजेडी ओरडलास तर लोक फार घाबरत नाहीत, असा तुझा हिशेब. चुकलेला हिशेब, पण तुझा स्वतःचा.

पहिल्यांदा बघितलं ते आचऱ्याच्या वाटेवरच्या एका देवळात. भर दुपार. सगळे घोरत होते. तू उठून बसलास. डोळे सताड उघडे, पण बघत होतास माझ्या पलीकडे, जणू मी काचेचा. आणि मग जी किंकाळी मारलीस! मी राक्षसांमध्ये आयुष्य काढलेला माणूस, पण तसला आवाज मी कुठल्या राक्षसाच्या तोंडून ऐकला नव्हता. तू भिंतीकडे धावलास, मी शूरपणे तुला मिठी मारली, आणि तुझं कोपर माझ्या तोंडावर बसलं. पुढचा दात गेला. (पुढे त्याच फटीतून शीळ घालून मी जत्राच्या जत्रा हसवल्या, ते सोड.) दोन मिनिटांनी तू शहाण्यासारखा आडवा झालास आणि घोरायला लागलास.

उठल्यावर तुला सांगितलं तर म्हणालास, "जरासो कण्हतंय मी. तितक्याच."

"जरासो? अरे मेल्या, माजो दात खंय गेलो?"

"तुजो दात पयलोच हलत होतो."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. तुझं म्हणणं, नान्या एकाचे दहा करून सांगतो. आता ही गोष्ट खरी आहे की मी एकाचे दहा करतो. एकदा कणकवलीच्या बाजारात बघितलेला साप मी सावंतवाडीला पोचेपर्यंत अजगर करून ठेवला होता. पण तुझ्या बाबतीत मी कमी करून सांगत होतो रे! रोज तू एक खेळ करायचास आणि तो न बघितलेला जगातला एकटा माणूस तू. आणि बघितलेला साक्षीदार कोण, तर कंपनीतला सगळ्यात खोटारडा. मला याचा अजून राग येतो. एखाद्या गंभीर, कमी बोलणाऱ्या माणसाशेजारी तू चटई टाकली असतीस तर तुला पटलं तरी असतं.

त्या वर्षी पावसाळ्यात मी देवबागला तुझ्या घरी आलो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या रेतीवर तुझं खोपटं. मनात म्हटलं, झोपेत धावणाऱ्या माणसाने जागा काय निवडली आहे! कुठेही धावला तरी पाण्यातच. वयनीने त्या दिवशी माशाचं सार वाढता वाढता मला शिकवलं, जसं एखादीने सुनेला शिकवावं.

"त्येंका धरू नकात. नाव घेवन आराडू नकात. बाजूक बसान हळू बोला, एकच वाक्य, परत परत."

"काय बोलू?"

"काय पण बोला. आवाज तेवडो हळू होयो. मी म्हणतंय, दार लावलला आसा."

"आणि धावले तर?"

"कोयतो माळ्यार ठेवतंय. उखळ परसात. आणि मी उंबऱ्यार आडवी. माका ओलांडल्याशिवाय खंय जातले?"

ती हे सांगत होती आणि तू शेजारी बसून काटे काढत होतास, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे. मग म्हणालास, "ही पण नान्यासारकीच. वाढवन सांगता."

वयनीने तुझ्या पानात आणखी एक तुकडी टाकली. मी तेव्हा हसलो. आज वाटतं, तुझ्या पानातली तुकडी काढून घ्यायला हवी होती.

वाडीतल्या लोकांनी काही कमी केलं नव्हतं. देवासमोर गाऱ्हाणं झालं, "ह्या लेकराक खंयची बाधा झाली आसात तर ती दूर कर, म्हाराजा!" आणि मागे पन्नास तोंडांचं "होय म्हाराजा!" तोवर ठीक. देव बिचारा कुणाच्या नाकात धूर सोडत नाही. पण नंतर भगत आणला. त्याने मिरच्यांची धुरी तुझ्या तोंडाखाली धरली, तुझे डोळे सुजून बंद होईपर्यंत. तसल्या डोळ्यांनी तू दुसऱ्या दिवशी कंपनीत आलास आणि उभा राहिलास. मी भगताच्या सात पिढ्या काढल्या. तू काय म्हणालास? "असांदे रे. लोकांका बरा वाटता."

लोकांना बरं वाटतं! भिवा, हे तुझं वाक्य कुणीतरी तुझ्या तोंडातच कोंबायला हवं होतं. लोकांना बरं वाटावं म्हणून तू धुरी घेतलीस. आणि लोकांमध्ये मीही होतो, ते आता कळतं आहे.

पुढचं सांगतो. हे तुला मी कधी सांगितलं नाही.

ती जत्रा तुला आठवणार नाही, कारण तू झोपला होतास. राक्षसाची एंट्री रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी. तोवर तू अर्धा रंग लावून पडद्यामागे पेटाऱ्याला टेकून पडायचास. पुढे राजाची सभा भरली होती, मी राजाचा सेवक होतो आणि प्रेक्षकांना डुलक्या लागल्या होत्या. एवढ्यात मागून ती किंकाळी आली. पखवाजवाल्याचा हात हवेत राहिला. पडदा फुगला आणि तू बाहेर आलास. अर्धं तोंड लाल, अर्धं कोरं, डोळे तसेच उघडे, लोकांच्या पलीकडे बघणारे. राजा सिंहासन सोडून पळाला. सिंहासन म्हणजे बाकडंच, पण पळाला. पोरं आयांच्या पदरात शिरली.

मी काय केलं? वयनीने शिकवलं ते केलं, पण नाटकात बसवून. हात पसरून, एकेक पाऊल टाकत तुझ्याजवळ आलो आणि हळू आवाजात म्हणत राहिलो, "पडदो पडलो, भिवा. पडदो पडलो." तू थरथरत होतास. मग खाली बसलास. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि भिवा, जी टाळी पडली! मी जन्मभर लोकांना हसवलं, पण लोक श्वास धरून माझ्याकडे बघताहेत हे त्या रात्री पहिल्यांदा झालं. भयंकर राक्षस, आणि त्याला नुसत्या शब्दांनी निजवणारा एक फाटका सेवक. तुला पडद्यामागे नेलं, तू जागा झालास आणि विचारलंस, "माजी एंट्री इली काय?"

लोकांच्या टाळ्या तुझ्यासाठी होत्या असं मी तुला सांगितलं. खोटं. त्या मला होत्या, आणि मला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मालकाने मला बाजूला घेतलं. तोंडात विड्याचा तोबरा. "नाना, कालचा ता रोज होवक होया."

"मालक, ता येता तेवा येता."

"मगे येयत असा कर. जमना नाय तर दोघांव घराक जावा."

आता मी काय म्हणायला हवं होतं, ते मला नंतर हजार वेळा सुचलं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ऐनवेळी सुचायला लागतात, आणि मी त्या कामात पटाईत. त्या सकाळी मला सुचलं ते एवढंच, की तुला झोपून तासभर झाला असेल आणि कुणी तळपायाला अंगठा दाबला तर तू हमखास उठतोस. वयनीने मला हे सांगितलं होतं ते कशासाठी? चुकून पाय लागू नये म्हणून. मी ते उलटं करून मालकाला दिलं. आणि अंगठा दाबायचं काम कुणाला दिलं नाही, स्वतःकडे ठेवलं. निदान एवढी लाज होती, की आधी तुझ्या पायाला हात लावून नमस्कार करायचो. हसू नकोस. खरंच करायचो.

तीन हंगाम. सगळ्या रात्री नव्हे, पण मोठ्या जत्रांना हटकून. लोक बैलगाड्या जुंपून यायला लागले. "तो बघ, बघता पण बघना नाय तो राक्षस!" तुझ्या गळ्यात हार, मालकाच्या तोंडात नवा विडा आणि माझ्या अंगात मस्ती. तू मात्र वाळत चालला होतास. हात कापायचा म्हणून रंग लावायला माझ्याकडे यायचास. दुपारची झोप तू सोडलीस. नदीवर जाऊन बसायचास. मी विचारायचो, "निजत नाय काय रे?" तू म्हणायचास, "भय वाटता." मी तुझ्या कपाळावर हिंगूळ ओढत म्हणायचो, "कशाचा?" आणि तू डोळे मिटून, रंगासाठी मान वर करायचास.

मला माझ्या त्या 'कशाचा'चा राग येतो. मालकाचा येतो. नारळ-हार घेऊन येणाऱ्या त्या लोकांचा येतो, ज्यांना दुसऱ्याचं भय बघून बरी झोप लागायची. आणि तुझा येतो, सगळ्यांपेक्षा जास्त येतो, कारण एकदाही तू माझी मानगूट धरली नाहीस.

गोवा सुटला त्या वर्षीच्या जत्रेत ते झालं. मी अंगठा दाबला, तू उठलास, पण पडद्याकडे न जाता बाजूला धावलास, सरळ गॅसबत्तीवर. बत्ती तुझ्या अंगावर आली. बाहीने पेट घेतला. मी तेव्हा काहीही हळू बोललो नाही. तुझं नाव घेऊन बोंबललो, तुला धरलं, आडवं पाडलं, वर लोळलो. तुझा डावा हात कोपरापर्यंत भाजला. दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. मालकाने तुला घरी पाठवलं आणि पुढच्या जत्रेला दुसऱ्या एकाला किंकाळी मारायला लावली. त्याने मारली. लोक पोट धरून हसले. मला इतका आनंद आयुष्यात झाला नाही. पण मी कंपनी सोडली नाही, हेही लिहून ठेवतो.

तू देवबागला जाळी विणायला लागलास, मोकळ्या राहिलेल्या आठ बोटांनी. मी दर पावसाळ्यात येत राहिलो. सात पावसाळे. प्रत्येक वेळी वाटेत होडीत ठरवायचो, आज सांगायचं. आणि तू मला दारात बघितलंस की वाडीभर हाक घालायचास, "इलो रे इलो, माका आगीतसून काडणारो इलो!" मग मी कसलं सांगतो! मी तुझ्या पोरांना अजगराची गोष्ट सांगायचो. एकदा जेवण झाल्यावर तू म्हणालास, "नान्या, लोक माका भुताचो म्हणी होते. तू माका राक्षसाचो मान दिलंस. ता मी इसराचंय नाय." मी पटकन बाहेर जाऊन चूळ भरली. बराच वेळ भरत राहिलो.

काल तुझं बारावं झालं. माणसं पांगल्यावर मी वयनीजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तळपाय, अंगठा, मालक, तीन हंगाम. न वाढवता. मला वाटलं होतं ती मला घराबाहेर काढेल. खरं सांगू, काढावं म्हणूनच गेलो होतो.

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "त्येंका म्हायत होता."

"काय म्हायत होता?"

"तुमी पायाक हात लावी होतास ता. पयल्या वरसाक कळला नाय. मगे एकदा त्येंका नीज येवक नाय, डोळे मिटून पडलले. तुमी इलास, पाया पडलास, अंगठो दाबलास. त्येंनी सांगल्यानी माका घराक येवन. हसत होते."

"मग आराडले कित्याक? जागे होते तर?"

"म्हणत, नायतर नानाक मालक काडून टाकतलो. त्येका दुसरा काय येता?" तिने पुढचं भांडं उचललं. "काय रात्री खऱ्यानीच व्हायचा. काय रात्री नीजच येय नसा, तेवा उठान सोंग करीत."

म्हणजे तू, कलेतलं काही न कळणारा माणूस, माझ्यासाठी स्वतःच्या भयाचं सोंग आणत होतास, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून टाळ्या घेत होतो! भिवा, तुला लाज नाही वाटली? मला चोर म्हणायचं सोडून माझ्या चोरीला आतून दार उघडून देत होतास? आणि वर माझे उपकार मानत होतास? कुठल्या तोंडाने मानलेस ते? लाल तोंडाने की कोऱ्या?

मी विचारलं, "वयनी, बत्ती पडली त्या रात्री?"

"ता नाय सांगल्यानी."

"विचारलास नाय?"

"इचारलंय. म्हणाले, हात तर भाजलोच ना, मगे."

मगे काय? मगे काय, भिवा? त्या रात्री झोपेत धावलास तर तुला मी जाळलं. जागेपणी धावलास तर माझ्यासाठी सोंग आणताना पाय चुकून जळलास. दोन्हीकडून मीच. पण दोन्ही सारखं नाही रे! एकात मी गुन्हेगार, दुसऱ्यात मी गुन्हेगार आणि शिवाय मूर्ख. एवढं एक सांगायला तुझ्याकडे सात पावसाळे होते.

वयनीने शेवटचं ताट पालथं घातलं आणि मला सरळ, अगदी साधेपणाने विचारलं, "तुमी तर रोज इतक्या जवळसून बघी होतास. खरा खंयचा, सोंग खंयचा, तुमका कळाक नाय?"

मी तोंड उघडलं. तुला माहीत आहे, मला प्रश्न विचारला की माझं उत्तर निदान अर्धा तास चालतं.

"नाय," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.